रात्रपाळी

इतवारीच्या भंगारातून किलोच्या भावानं आणली.
तीन रविवार रॉकेल पाजलं
तेव्हा कुठं बेअरिंगनं हूं म्हटलं.
वाइंडिंग नवं भरलं. नमद्याचं चाक मात्र तेच.

सुरू केली, तर अख्खी ओळ मंदावली.
भिंतीपलीकडून पौनीकर काकू,
"अरे बाप्पा, कूलर बसला न माहा!"
मे महिना. त्यांचंही खरंच.

म्हणून पहाटे पाचला, अंगणात.
आधी तिचीच पितळी पाटी चाकाला लावली.
कंपनीचं नाव झिजलेलंच होतं,
दोन फेऱ्यांत उरलंसुरलं गेलं.
बोटांना चटका बसला, उलटी धरली —
मागे खिळ्यानं ओरखडलेलं:
डोमा, रात्रपाळी.

बटण बंद केलं.
चाक बराच वेळ फिरत राहिलं.
पाटी काळीच ठेवली,
अन् उलटी कसली.