बोटभर ढील

हार्नोसांदच्या बंदरातला बर्फ अजून फुटायचा होता
आणि ओस्तेन उलट्या क्रेटवर बसून
कुठला पाना घ्यायचा ते मला सांगत होता.
सतरा नाही, एकोणीस. तो नाही गं, त्याचं तोंड फाकलंय.
उजवा हात मांडीवर,
कुणी जरा धर म्हणून दिलेला
आणि मग न्यायला विसरलेला.
डिसेंबरपासून त्या हातानं काही धरवत नाही.

गाडी त्यानंच बांधलेली. मागं स्प्रिंग नाहीत,
पुढचा फोर्क इतका लांब
की ती तिरकी लावल्याशिवाय गॅरेजचं दार लागत नाही.
आई म्हणायची, ही गाडी नव्हे, शिडी.

"चाक फिरव. हळू."
फिरवलं. चेन खाली झोळीसारखी लोंबली,
थोडी पुढं जाऊन आपणहून आवळली,
परत सैलावली.
"सगळीकडे सारखी झिजत नाही ती.
सैल जागी मोजशील तर वाटेल सगळं ठीक,
मग घट्ट जागा येईल आणि बेअरिंग खाईल.
जिथं सगळ्यात घट्ट, तिथं मोजायचं.
तिथं बोटभर ढील हवी."

मागच्या चक्राचे दाते एका अंगाला कललेले, टोकदार.
तेवीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात आहे,
मला एवढं कळतं.
हे काढावे लागतील, मी म्हटलं.
"एक उन्हाळा जाईल," तो म्हणाला.
सगळे हेच म्हणतात, तोंड उघडं ठेवून.

चेन ताणून धरायला खालून एक काळी चकती टेकवलेली.
हॉकीचा पक. मधोमध भोक, त्यात बेअरिंग,
चेननं खोदलेले दोन चर,
आणि कडेला पांढऱ्या रंगात
माझ्या नावाचं पहिलं अक्षर, अर्धं खाल्लेलं.

अकरा वर्षांची होते मी.
या पकपायी एबे लुंडक्विस्टशी दोन हिवाळे बोलले नाही.

"तू चोरलास."
"वापरात ठेवला."

आस मागं ओढायची ती दोन्हीकडून सारखी,
नाहीतर चाक एकाच बाजूला बघत राहतं.
इकडे पाव आटा, तिकडे पाव आटा.
डोळ्यांवर विश्वास नको, दोरी लाव, म्हणाला.
एक टोक त्यानं डाव्या हातात धरलं.
दोरी थरथरत होती.
मी ती थांबेपर्यंत थांबले,
मग तशीच थरथरती मोजली.

नट आवळला तर ढील गेली.
परत सोड.
आवळला, परत गेली.
परत सोड.
तिसऱ्या वेळी मी स्वीडिशमध्ये जे काही म्हटलं
ते आईनं ऐकलं नाही, बरं झालं.

थ्रॉटल उजवीकडे असतो. पुढचा ब्रेकसुद्धा.
हे दोघांनाही माहीत होतं, कुणी काढलं नाही.
"क्लिपचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला?"
हो.
"बघू."
वाकवेना. मग मीच क्रेट पुढं सरकवली,
त्याच्यासकट.
त्यानं डावं बोट घातलं त्या घट्ट जागी,
वर, खाली. वर. खूप वेळ.

"पक बदलायला झालाय," म्हणाला.
राहू दे. एक उन्हाळा जाईल.

तेवढ्यात बंदरात काहीतरी मोठ्यानं तडकलं.
आम्ही दोघांनी आधी चेनकडे बघितलं.