ओळ क्रमांक दोनशे बारा

आक्राच्या वसतिगृहात रात्री दीडला
झिफा पाणीपट्टीवरचा प्रबंध लिहिते आहे.
सर म्हणाले, दोनशे बारावी ओळ काढ,
आलेख उगाच वाकतोय.

दोनशे बारा म्हणजे केटाची आब्लामावशी.
बादलीने पाणी विकत घेते,
नळवाल्यांच्या सातपट मोजते,
आणि फॉर्म भरताना विचारत होती,
घरात माणसं किती, यात
समुद्राने नेलेला धरायचा का?

झिफाने तेव्हा एक लिहिलं होतं.
मग खोडून दोन.

आता ती ओळ काढते.
रेघ सरळ होते, शहाण्या मुलीसारखी.
तेवढ्यात वीज जाते, पंखा थांबतो,
अंधारात पडदा तेवढा विचारत राहतो:
बदल जतन करायचे?

झिफा पाण्याच्या पिशवीचा कोपरा
दाताने तोडते.
आधी पाणी पिते.