कालचं पाणी

कंट्रोल रूममधला टीव्ही आम्ही मुका ठेवतो.
दांडिया बाजारचं फायर स्टेशन, पहिला मजला,
तीन फोन, एक वायरलेस, लाल रेघांचं रजिस्टर
आणि भिंतीवर आवाज नसलेली आमचीच विश्वामित्री.

काळाघोड्याच्या पुलावर फुटांचे आकडे रंगवलेत.
तिथून दर अर्ध्या तासाने तडवी सांगतो:
एकोणतीस. साडेएकोणतीस.
ताई, इथे कुणी चहा आणला नाही अजून.
मी दोन्ही लिहून घेते.

टीव्हीत एक होडी एका मुलाला वाचवते.
पिवळा टीशर्ट, गळ्यात शाळेची वॉटरबॅग.
आठला वाचवला. साडेआठला वाचवला.
अकरापर्यंत पोरगं इतक्यांदा भिजलंय
की त्याला आता ताप भरला असेल.

मग मगर.
पत्र्यावरची मगर, दोरीने बांधलेली मगर,
पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मागे
नंबर येईल म्हणून थांबल्यासारखी एक.
दिल्लीहून फोन: मॅडम, मगरीचं ताजं काही?
लाईन मोकळी ठेवा, मी म्हणते.
दोनच मिनिटं, तुमचा बाइट.

कॉल तीनशे सतरा.
बेन, पाणी दादर पर आवी गयुं.
कितव्या पायरीवर, काकी?
सातव्या. थांब, बॅटरी मारते. आठव्या.
सोसायटीचं नाव?
सगळे हसुमतीबेनचं घर म्हणतात.
जवळ काय आहे?
पाणी आहे, त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती.
मुलगा सुरतेहून सांगतो, टीव्हीवर उतरलंय म्हणून.
काकी, टीव्हीवरचं पाणी कालचं आहे.
गॅलरीला लाल चादर बांधा, फोन बंद ठेवा, चार्जिंग जपा.
फोन ठेवल्यावर कळलं,
अख्ख्या बडोद्यात चादर शोधायची कुणी, आणि कुठे.

उजाडताना ती आली, निळ्या रेनकोटातली.
रस्त्याच्या उंच भागावर, गुडघाभर पाण्यात,
किंचित वाकलेली,
म्हणजे कमरेपर्यंत दिसावं.
तिच्या खांद्यामागे, खोलगट भागातल्या घराला,
काहीतरी लाल. ओलं. लोंबणारं.
शेजारी अर्धी पाटी: …पुरा फरसाण.

मी खुर्चीवर चढले. काचेला बोट लावलं.
बाई, जरा बाजूला हो.
एवढं एकदाच, हो ना गं.
ती बोलत राहिली, मला ऐकू न येणारं.
मी बोलत राहिले.
तेवढ्यात कुणीतरी ओरडलं असावं, मगर!
कॅमेरा गर्रकन वळला
आणि वळता वळता पाटी पुरी झाली:
आशापुरा फरसाण, समा-सावली रोड.

बोट चार, बोट चार. लिहून घे.
ताई, बोटीत चॅनलवाले बसलेत.
उतरव.
भर पाण्यात?
त्यांची बाई उभी आहे ना, तिथे.
गुडघाभरच आहे. मी बघतेय.

नऊ वाजता काकी पडद्यावर.
अल्पेश राठवाच्या पाठीवर, कडेला स्टीलचा डबा,
मागे ती चादर, खाली पट्टी धावतेय:
आमच्या बातमीचा परिणाम.
खोटं म्हणायला गेले आणि जीभ अडली.
रजिस्टरात तीनशे सतरासमोर बरोबरची खूण केली,
पेन दोनदा गिरवावं लागलं, कागद सर्द.

संध्याकाळी सुरतेचा नंबर. कॉल चारशे दोन.
तुम्ही लोक करता काय तिथे?
माझी आई अजून घरात आहे, पाणी चढतंय,
मी स्वतः बघतोय!
दादा, त्या सकाळीच निघाल्या. शाळेत आहेत, खिचडी खाल्ली.
कोपऱ्यात लाइव्ह लिहिलंय, तो रडतो.
मी वर बघते.
लिहिलंय खरं.
काकी पुन्हा गॅलरीत, पुन्हा चादरीला गाठ मारताहेत.

वायरलेस खरखरतो. तडवी.
सव्वीस, ताई. उतरतंय.
चहा मिळाला.