धूर आत, धूर बाहेर

संखच्या अलीकडं, डांबरी सुटते तिथं,
चारशे वीस फूट खाली जाऊन
नुसता फुफाटा वर आणलेली एक बोअर आहे.
गाडीवाले केसिंगवर पत्रा वेल्ड करून
सेलमला निघून गेले.
पत्र्याला करंगळीएवढं भोक राहिलं.

त्या भोकातनं शीळ यायला लागली.

रात्री पहिल्यांदा ऐकली ती मेंढक्यांनी.
मग कुणाला तरी आठवलं,
पलीकडच्या विहिरीत एक सून गेली होती,
छपन्न साली की बहात्तर साली
यावर मात्र एकमत नव्हतं.
पत्र्याला हळद लागली, कुंकू लागलं, हिरवा चुडा आला.
इंडीकडचा एक देवऋषी येऊ लागला,
दर गुरुवारी, पाचच्या एसटीनं.
भोकाशी उदबत्ती धरायचा
आणि धूर सरळ आत ओढला जायचा.
"घेतलं बघा आईनं."
बाया हात जोडायच्या.
मीही जोडले, खोटं कशाला सांगू.
बी.एस्सी. फिजिक्स, सेकंड क्लास, आणि घशाला कोरड.

निंगव्वा बिराजदार, इयत्ता सातवी,
वर्गात कधी हात वर न करणारी,
मधल्या सुट्टीत येऊन उभी राहिली.
"गुरुजी, आई दुपारी थुंकतीया."
म्हणजे?
"दोनला उदबत्ती लावली, तर धूर माझ्याच तोंडावर."

देवऋषी दोन वाजता कधी आलाच नव्हता.

जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर तिनं रकाने पाडले.
वेळ. धूर आत. धूर बाहेर. शीळ.
उदबत्त्या तिथल्याच, लोकांनी वाहिलेल्या, अर्धवट विझलेल्या.
सकाळी आठ: आत. बारा: बाहेर. तीन: बाहेर.
सात: आत.
रात्रीचे आकडे तिच्या भावाच्या अक्षरात,
वाकडे, भ्यालेले,
एका ठिकाणी नुसतंच "पळालो".

अकराव्या दिवशी मी फोन काढला.
त्यात हवेचा दाब कळतो असं दुकानदार म्हणाला होता,
मी विसरलो होतो.
दहाला नऊशे त्रेपन्न. चारला नऊशे एकोणपन्नास.
आकडा उतरताना बोअर सोडते,
चढताना ओढते.
निंगव्वानं दोन्ही कागद शेजारी ठेवले
आणि बराच वेळ बोलली नाही.

मी म्हणालो, हवेलाही वजन असतं.
डोक्यावरचं हे सगळं आभाळ
दिवसातनं दोनदा भरतं, दोनदा ओसरतं,
समुद्रासारखं.
समुद्र तिनं पाहिलेला नाही. मी एकदाच, मुरूडला, सहलीत.
"म्हंजे आपण तळाला हाय?"
हो.
तिनं पायाखाली पाहिलं.
काळा पाषाण, त्याच्या फटी, पोकळ्या,
कुठवर गेल्यात कुणास ठाऊक,
आणि त्यांना वरचा निरोप पोचवणारी ही एक नळी,
पाण्यासाठी मारलेली, पाणी न लागलेली.

अंगावर काटा आला माझ्या.
शिळेनं आला नव्हता इतका.

तिच्या आईनं सगळं ऐकून घेतलं, घागर न उतरवता.
म्हणाली, बरं. पण त्या सुनेचं नाव काय होतं?
ते कुणालाच सांगता आलं नाही.

देवऋषी अजून येतो. शीळ अजून वाजते.
काल निंगव्वानं वर्गात पहिल्यांदा हात वर केला.
"सूर्य तर दिवसाला एकदाच उगवतो.
मग आभाळ दोनदा का?"

फळ्यावर मी लिहिलं: माहीत नाही.
सातवीच्या वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं,
तारखेसकट.