पान दोनशे सोळा

तार्तूहून मुलगी आली, त्रीनू नावाची.
वाइकेच्या सातही कादंबऱ्या पिशवीत,
पानापानांतून जीभ काढलेल्या रंगीत चिठ्ठ्या.
पिवळी म्हणजे मत्सरी बाई,
निळी म्हणजे मुलं टाकून गेलेली,
गुलाबी म्हणजे मूर्ख. गुलाबीच फार.
मोजलंय तिनं सगळं:
अडतीस बायका, त्यातल्या बत्तीस
एकमेकींच्या मुळावर उठलेल्या.
पुरुष येतात, ओला कोट खुंटीला टांगतात
आणि माफ होतात.

“तुम्ही तिचं टायपिंग करायचात. सांगा ना,
बायकांचा द्वेष करायची का ती?”

मी चहा ओतला.
खिडकीबाहेर हाप्सालूची खाडी गोठलेली,
बर्फाला भोक पाडून दोघं म्हातारे गळ टाकून बसलेले.

एकोणीस वर्षं तिचं अक्षर लावलं मी.
‘आई’ हा शब्द नेहमी ओळीखाली घसरायचा.

एकदा, एकदाच, मी हात मारला.
चौथी कादंबरी, पान दोनशे सोळा:
आई स्टेशनवर येते, मुलीचे बूट बघते,
‘जाड झालीस’ म्हणते आणि परत फिरते.
मला राहवलं नाही. मी टाइप केलं:
आईनं तिला जवळ घेतलं.
दुसऱ्या दिवशी वाइके दारात, टोपीवर बर्फ,
कागद माझ्यासमोर धरून:
“ही कोण बाई? मी हिला ओळखत नाही.”
चिडली नव्हती. खरंच विचारत होती,
जणू माझ्याकडे तिचा पत्ता असेल.

त्रीनूचं पेन थांबलं.
“म्हणजे तिची स्वतःची आई…”
नाही गं. तिची आई मी पाहिलीय.
मासे धुरवायच्या कारखान्यात होती,
बोटं सोलवटलेली, तरी लेकीसाठी मोजे विणायची,
बस सुटली तरी हात हलवत उभी राहायची.
इतकं सोपं असतं
तर तुझ्या चिठ्ठ्या कशाला खर्ची पडल्या असत्या?

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.
एक गोष्ट मी सांगितली नाही.

तिसऱ्या पुस्तकातली ती लुइसे,
जिचं लाडिक बोलणं, जिचे दंड, जिचं नवऱ्याला घाबरणं
अडीच पानं चालतं, सगळं गुलाबी,
ती पोस्टातली मेता. माझी चुलत बहीण.
ती पानं टाइप करताना मी एवढी हसले
की फीत अडकली, ती सोडवताना
शाईचे हात डोळ्यांना लागले.

वाइकेनं प्रत एकच मागितली होती.
मी कार्बन घातला.