अकरा महिन्यांचा करार

मरोळच्या ऑफिसात, रात्री पावणेदोनला,
पाहुणा पुन्हा मेला.
पहिल्या खेपेला धडधाकट उठतो.
रीबूट केला की चार पावलांत कोसळतो,
पायात दोरी अडकल्यासारखा.

ऑड्री लोपीस खुर्ची ओढत आली.
रजिस्टरं पुसलीस?
पुसली. एकजात शून्य.
ती हसली, डब्यातला शेवटचा फुगिया तोंडात टाकला.
"शून्य म्हणजे सुरुवात, हे कुणी सांगितलं तुला?"

मग तिच्या गावठाणातल्या वरच्या खोलीची गोष्ट.
अकरा महिने झाले, भाडेकरू निघाला,
की तिची आई खिळे उपटते, चुना मारते, कुलूप बदलते.
पण मीटर मागे फिरवत नाही.
आणि जिन्यातला दिवा,
कुणी राहो न राहो, चालूच.

"फ्लॅग्ज बघ. तो दुसरा बिट. कायम एक.
जिन्यातला दिवा.
डीएक्समध्ये त्याची जातकुळी ठेव,
उठल्या उठल्या विचारतो तो, मी कोण.
आणि पहिलं पाऊल तळमजल्यावर नाही रे,
चार जीबीच्या गच्चीखाली, सोळा बाइट अलीकडे,
टाकीपाशी."

ती गेली. मी मॅन्युअल उघडलं,
एकेक किंमत हाताने लिहिली.
चालवलं.
आणखी अकराशे पावलं, आणि धप्प.

साडेतीनला सापडलं.
डीबगची रजिस्टरं वेगळ्या फायलीत राहात होती,
माझा झाडू तिथवर गेलाच नव्हता.
मागच्या जन्मी कुणीतरी
एका पत्त्यावर थांबा लावून ठेवलेला.
थांबवणारा गेला, पत्त्यावरचं सामान बदललं,
आणि हा नवा जीव, कोरा,
तिथं येऊन थबकायचा,
का ते सांगणारं कुणी नाही.

पत्ते पुसले. डीआर-सातमध्ये चारशे लिहिले,
सोळाच्या हिशेबातले.
तिथंही शून्य चालत नाही.
उठला. पुन्हा पाडला, पुन्हा उठला.
वीस वेळा पाडला, खात्री म्हणून,
आणि थोडं मजेत.

चांदिवलीच्या नव्या खोलीत पोचलो तेव्हा
दूधवाला खालच्या मजल्यावर होता.
दार उघडलं. काळोख.
हात डावीकडे गेला, खांद्याच्या उंचीवर,
घाटकोपरला बटण होतं तिथे.
भिंत. गार.
तिसरा महिना चालू आहे.