सातच्या आकड्यावर

कीथली. स्पेलिंगमध्ये एक ‘जी’ आहे,
तो कुणी उच्चारत नाही.
इथल्या जुन्या थिएटरच्या वरच्या खोलीत
एकाच रेडिएटरवर चौघांचे हातमोजे वाळत घालून
आम्ही बसलोय
सत्तरच्या दशकातला सर्वोत्तम नट ठरवायला.
खाली नव्या खुर्च्या येणार आहेत.
पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर पितळी पाटी,
पाटीवर एक नाव.

नॉर्मन प्रोजेक्शनवाला म्हणतो, डेस्मंड पॅलफ्री.
का?
‘रीळ बदलायची खूण कोपऱ्यात उमटायची,
काळा ठिपका, पापणी लवेपर्यंत.
पॅलफ्री समोर असला की मला ती दिसायचीच नाही.
दोनदा पडदा पांढराफटक पडला,
दोनदा माझा पगार कापला.’
हे मत वहीत जसंच्या तसं उतरवलं.

ग्विनेथनं तक्ता आखून आणलाय
(शाळेत नाटक शिकवायची, सवय जात नाही):
आवाज दहापैकी, चाल दहापैकी, शांतता दहापैकी.
शांततेला साडेसात कसे देतात गं?
म्हणाली, आठ जरा जास्त झाले असते.

मॉरीन गळ्यात आइस्क्रीमचा ट्रे अडकवून फिरायची, हातात बॅटरी.
‘मी कुठले सिनेमे पाहिलेत? पडद्याकडे माझी पाठ.
मी माणसं पाहिली.
बहात्तरच्या फेब्रुवारीत वीज गेली तेव्हा
आयरीन मॅसडेल पडद्यावर एक पत्र फोडत होती.
काळाकुट्ट अंधार. गोठणारी थंडी. पाऊण तास.
एक माणूस उठला नाही.
दोनशे जण त्या पाकिटासाठी थांबले होते,
आणि माझं आइस्क्रीम, तेवढं एक, वितळलं नाही.’
पण आयरीन बाई आहे, ग्विनेथ म्हणाली,
आणि नियमात ‘नट’ लिहिलंय.
नॉर्मननं नियमाची ती ओळ खोडली.
मग पुन्हा एकदा खोडली, नीट.

उरले मी.
एकतीस वर्षं इस्पितळात भूल दिली.
आपल्या भाषेत हा शब्द किती सैल आहे,
भूल देतात, भूल पडते, भूल होते,
या तिघांना ते कसं सांगू?
उताण्या माणसाला मी म्हणायचे, दहापासून उलटं मोजा.
सिनेमात शुद्ध हरपते ती वर बघत,
जणू छतावर कुणी संवाद लिहून ठेवलेत.
खरी माणसं वर बघत नाहीत.
सातच्या आसपास कुठेतरी
मान कलते बाजूला,
तिथे कुणीतरी असावं म्हणून.
तिथे मी असायचे. मास्कमागे,
त्यांच्या ओळखीत न बसणारं एक नाव.

चिठ्ठीवर मी लिहिलं: दुसरा रुग्ण.
श्रेयनामावलीत एवढंच होतं.
चित्रपट पार विसरले.
ट्रक चालवणारा माणूस, टेबलावर, जेमतेम चार मिनिटं.
दहा, नऊ, आठ,
आणि सातला त्यानं मान वळवली.
मी त्या काळोखात अर्धवट उठले होते,
त्याचा हात धरायला.

‘तो अभिनय नसेलही,’ ग्विनेथ म्हणाली,
‘दिग्दर्शक बाजूला उभा असेल, त्याच्याकडे बघितलं असेल.’
असेल.
‘पाचवं रीळ,’ नॉर्मन हळूच म्हणाला.
‘त्यानं मान वळवली की लगेच खूण यायची.’
‘दिसायची तुला?’ मॉरीननं विचारलं.
नॉर्मन बराच वेळ चहातली साखर ढवळत राहिला.
साखर त्यानं घातलीच नव्हती.

पाटीवर शेवटी पॅलफ्रीच आला. चकचकीत आहे.
त्याचं काही म्हणणं नाही माझं.
मी शेजारच्या खुर्चीवर बसते, दुसऱ्या,
आणि दिवे मंदावू लागले
की पडद्याकडे बघायच्या आधी
एकदा बाजूला बघून घेते.